हॉलिवूडच्या सुपरहिरो चित्रपटांतील स्त्री-व्यक्तिरेखा : सामर्थ्य आणि कर्तृत्व

प्रास्ताविक :

१९३८ साली अमेरिकेतील 'ॲक्शन कॉमिक्स' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्याच अंकात लोइस लेन ही वार्ताहर तरुणीही अवतरली. म्हणजे सुपरहिरोचा जन्म आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीचा जन्म हे एकाच वेळचे आहेत. त्या स्त्रीचे कथेतील स्थान नेमके कोणते, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. कॉमिक्सच्या पानांवरून हे नायक पुढे रुपेरी पडद्यावर आले. कोट्यवधी डॉलर खर्चून तयार होणारे त्यांचे चित्रपट आज जगभर पाहिले जातात. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतही ते हिंदी ध्वनिमुद्रणासह प्रदर्शित होतात आणि त्यांच्या प्रेक्षकांत शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे या चित्रपटांतून स्त्रीची कोणती प्रतिमा घडविली जाते, याचा विचार केवळ चित्रपट-समीक्षेपुरता मर्यादित राहत नाही.

या विषयावरील चर्चेत एक विधान वारंवार केले जाते. पूर्वीची नायिका अबला होती, आताची सबला आहे, तेव्हा प्रश्न सुटला, असे ते विधान होय. वरवर पाहता ते खरे वाटते. आजची नायिका उडते, लढते, इमारती हादरवते. परंतु अंगी बळ असणे आणि आपल्या कथेची दिशा स्वतः ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला 'सामर्थ्य' म्हणता येईल, दुसरीला 'कर्तृत्व'. सामर्थ्य वाढले म्हणून कर्तृत्व आपोआप वाढते असे नाही, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. सुपरहिरो चित्रपटांतील स्त्री-व्यक्तिरेखांच्या स्थानाचे वर्गीकरण करणे.
२. सामर्थ्य आणि कर्तृत्व यांतील भेद उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.
३. या चित्रणामागील व्यावसायिक कारणांचा शोध घेणे.

अभ्यासासाठी १९७८ ते २०२३ या काळातील निवडक हॉलिवूडपट घेतले आहेत. विवेचन सुलभ व्हावे म्हणून मराठी व्याकरणातील वाक्यरचनेचा दृष्टान्त वापरला आहे. वाक्यात कर्ता क्रिया करतो, कर्मावर ती क्रिया घडते, तर सहायक क्रियापद दुसऱ्याचा अर्थ पूर्ण करते. चित्रपटाची कथा हे एक दीर्घ वाक्य मानले, तर त्यात स्त्री कोठे उभी आहे, असा प्रश्न विचारता येतो. या दृष्टीने स्त्री-व्यक्तिरेखांची चार स्थाने आढळतात : कर्म, निमित्त, सहायक आणि कर्ता.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी :

ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात लोकप्रिय हॉलिवूडपटातील 'नजर' ही पुरुषाची असते, अशी मांडणी केली. पुरुष पाहतो व कृती करतो, स्त्री पाहिली जाते. कॅमेरा आणि प्रेक्षकही पुरुषपात्राच्या डोळ्यांनीच पाहू लागतात, हा त्या मांडणीचा गाभा आहे.

अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधील एका चित्रकथेतून एक सोपी कसोटी पुढे आली. चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असावे. कसोटी साधी आहे, तरी अनेक गाजलेले चित्रपट तिला उतरत नाहीत.

तिसरा संदर्भ थेट कॉमिक्सचा आहे. १९९४ मधील 'ग्रीन लँटर्न'च्या एका अंकात नायकाच्या प्रेयसीची हत्या करून तिचा मृतदेह शीतकपाटात ठेवल्याचे दाखविले होते. पुढे १९९९ मध्ये लेखिका गेल सिमोन यांनी कॉमिक्समध्ये अशा प्रकारे मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या किंवा शक्ती गमावलेल्या स्त्री-पात्रांची यादीच प्रसिद्ध केली. या स्त्रियांचे दुःख त्यांचे स्वतःचे राहत नाही, ते नायकाच्या कथेचे इंधन होते, हे त्या यादीने उघड केले.

कर्मस्थानी स्त्री :

रिचर्ड डोनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' (१९७८) मधील लोइस लेन ही बुद्धिमान व धीट पत्रकार आहे. तथापि कथेच्या निर्णायक क्षणी ती भूकंपात गाडीसह गाडली जाऊन मरण पावते. सुपरमॅन पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने फिरून काळ मागे नेतो आणि ती पुन्हा जिवंत होते. येथे मरणे आणि जगणे या दोन्ही क्रिया तिच्यावर घडतात. आपण मेलो होतो, याची तिला जाणीवही नसते.

सॅम रायमी यांच्या 'स्पायडरमॅन' चित्रत्रयीत (२००२, २००४, २००७) हेच स्थान मेरी जेनकडे आहे. पहिल्या चित्रपटात खलनायक तिला पुलावरून खाली सोडतो, दुसऱ्यात तिचे अपहरण होते, तिसऱ्यात ती उंचावरील जाळ्यात टॅक्सीसह लटकते. तिन्ही वेळा अंतिम संघर्ष तिला सोडविण्यासाठी आहे. मेरी जेनला अभिनयाची महत्त्वाकांक्षा आहे, घरातील दुःख आहे, स्वतःचे मत आहे. परंतु कळसाध्याय जवळ आला की हे सारे बाजूला पडते आणि ती केवळ सोडविण्याची व्यक्ती उरते.

निमित्त म्हणून स्त्री :

दुसरे स्थान अधिक सूक्ष्म आहे. येथे स्त्री वाचत नाही आणि तिच्या मृत्यूमुळे नायकाला कृतीची प्रेरणा मिळते. क्रिस्तोफर नोलन यांच्या 'द डार्क नाइट' (२००८) मध्ये रेचल डॉज ही सरकारी वकील आहे. ती निर्भय आहे आणि तिने हार्वी डेंट याच्याशी विवाह करण्याचा निर्णय घेतला आहे. तसे पत्र ती ब्रूस वेन म्हणजेच बॅटमॅन याच्यासाठी लिहून ठेवते. पुढे तिचा स्फोटात मृत्यू होतो. त्या मृत्यूमुळे हार्वी सूडाने पेटतो व बॅटमॅन शोकमग्न होतो. ब्रूसला अधिक दुःख होऊ नये म्हणून त्याचा सेवक आल्फ्रेड ते पत्र जाळून टाकतो. आल्फ्रेडचा हेतू प्रेमाचा आहे, चित्रपटही ही कृती सहानुभूतीने दाखवितो. तरीही रेचलने स्वतःच्या आयुष्याविषयी घेतलेला सर्वांत महत्त्वाचा निर्णय नायकाच्या मनःशांतीसाठी राख होतो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

'द अमेझिंग स्पायडरमॅन २' (२०१४) मधील ग्वेन स्टेसीचे उदाहरण याहून बोलके आहे. ती नायकापेक्षा हुशार विद्यार्थिनी आहे आणि ऑक्सफर्डला शिकायला जाण्याच्या तयारीत आहे. नायक तिला सुरक्षित ठेवू पाहतो, तेव्हा ती त्याचे न ऐकता संकटस्थळी येते व शहराचा वीजपुरवठा सुरळीत करण्यात निर्णायक वाटा उचलते. येथपर्यंत ती कर्ता आहे. परंतु त्यानंतर लगेचच घड्याळाच्या मनोऱ्यात तिचा मृत्यू होतो आणि उर्वरित चित्रपट नायकाच्या शोकाचा व पुनरुत्थानाचा होतो. मूळ कॉमिक्समध्ये १९७३ साली ती मरण पावली होती. म्हणजे एकेचाळीस वर्षांनी तिला बुद्धी, ध्येय आणि बाणेदारपणा मिळाला, पण शेवट मात्र तोच राहिला.

सहायक स्थानी स्त्री :

तिसऱ्या स्थानावरील स्त्री स्वतः लढते. येथे सामर्थ्य स्पष्ट दिसते, म्हणूनच कर्तृत्वाचा भास सर्वाधिक येथेच होतो. 'ब्लॅक विडो' अर्थात नताशा रोमानॉफ हे या स्थानाचे ठळक उदाहरण होय. 'आयर्न मॅन २' (२०१०) मध्ये ती प्रथम येते ती नायकाच्या कंपनीतील आकर्षक नवी कर्मचारी म्हणून, आणि नायक तिची मॉडेलिंगची छायाचित्रे शोधून पाहतो. ती कसलेली गुप्तहेर आहे हे नंतर कळते. म्हणजे प्रेक्षकाने तिला आधी पाहायचे आणि मग ओळखायचे, असा हा क्रम आहे. मल्वी यांच्या मांडणीचे याहून सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

'द ॲव्हेंजर्स' (२०१२) मधील सहा वीरांत ती एकटी स्त्री आहे. या चित्रपटात तिला न्याय मिळाला आहे, हे मान्य केले पाहिजे. आपण दुबळ्या आहोत असे भासवून ती खलनायकाकडून त्याचा बेत काढून घेते आणि शत्रूचे आकाशद्वारही अखेर तीच बंद करते. परंतु आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका यांना स्वतंत्र चित्रपट मिळत गेले आणि नताशा मात्र दशकभर इतरांच्या कथांतून वावरत राहिली. 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' (२०१९) मध्ये जगाच्या रक्षणासाठी ती स्वतःचा प्राण देते. हा निर्णय तिचा स्वतःचा आहे, त्यासाठी ती सहकाऱ्याशी झगडतेही. या अर्थाने तो कर्तृत्वाचा क्षण आहे. मात्र त्याच चित्रपटात आयर्न मॅनच्या मृत्यूनंतर सर्व वीर एकत्र येऊन त्याला सविस्तर निरोप देतात, तर नताशाच्या वाट्याला तळ्याकाठी उभ्या असलेल्या मोजक्या सहकाऱ्यांचा अल्पसा शोक येतो. तिच्या नावाचा स्वतंत्र चित्रपट २०२१ मध्ये, म्हणजे तिच्या पडद्यावरील मृत्यूनंतर प्रदर्शित झाला.

कर्तास्थानी स्त्री :

चौथे स्थान दुर्मीळ असले तरी अशक्य नाही. पॅटी जेन्किन्स दिग्दर्शित 'वंडर वुमन' (२०१७) मध्ये पहिल्या महायुद्धातील खंदकांचा प्रसंग आहे. समोरची भूमी ओलांडणे कोणालाही शक्य नाही, आपले काम वेगळे आहे, असे तिचा सहकारी स्टीव्ह तिला सांगतो. उपाशी, जखमी गावकऱ्यांना सोडून पुढे जाण्यास डायना नकार देते आणि खंदकाबाहेर पडते. पुरुष सैनिक तिच्या मागून येतात. या प्रसंगाचे महत्त्व तिने गोळ्या झेलण्यात फारसे नाही. 'थांब' असे सांगितले असता तिने स्वतःच्या विवेकाने 'जाते' असे ठरविले आणि त्या निर्णयाने कथेची दिशा बदलली, यात ते आहे. याच चित्रपटात स्टीव्हच्या मृत्यूमुळे डायनाला बळ मिळते, म्हणजे निमित्ताच्या स्थानी येथे पुरुष आहे. तथापि तो आपले मरण स्वतः निवडतो व का निवडतो ते सांगतो. निमित्त झालेल्या पात्रालाही प्रतिष्ठा देता येते, हे यावरून दिसते.

'कॅप्टन मार्व्हल' (२०१९) मध्ये हा विचार कथेचा गाभाच होतो. आपली शक्ती 'क्री' लोकांनी दिलेली आहे आणि भावनांवर ताबा ठेवला तरच ती टिकेल, असे कॅरल डॅनव्हर्सच्या मनावर बिंबविलेले असते. प्रत्यक्षात त्यांच्या यंत्राने तिची शक्ती दाबून ठेवलेली असते. अखेरीस तिचा गुरू तिला शक्ती न वापरता लढून स्वतःला सिद्ध करण्याचे आव्हान देतो. ती ते आव्हानच नाकारते. परीक्षेत उत्तीर्ण होण्यापेक्षा परीक्षकाचा अधिकार नाकारणे हे येथे कर्तृत्व ठरते.

रायन कूगलर यांचा 'ब्लॅक पँथर' (२०१८) हा पुरुष-नायकाचा चित्रपट असूनही या दृष्टीने अधिक संपन्न आहे. सिंहासन क्रूर दावेदाराच्या हाती गेल्यावर सेनानी ओकोये आणि गुप्तहेर नाकिया यांच्यात वाद होतो. सिंहासनावर कोणीही असो, त्याच्याशी एकनिष्ठ राहणे हा ओकोयेचा धर्म आहे. देश वाचवायचा तर सिंहासन सोडले पाहिजे, हे नाकियाचे मत आहे. दोन स्त्रिया राजनिष्ठा व देशहित यांवर परस्परविरोधी आणि तितक्याच प्रामाणिक भूमिका मांडतात. पुढे ओकोये राष्ट्रासाठी आपल्या प्रियकरासमोर शस्त्र घेऊन उभी राहते. आपल्या देशाने जगाला मदत करावी हे नाकियाचे मत अखेरीस राजा स्वीकारतो. म्हणजे राज्याचे धोरण एका स्त्रीच्या विचाराने बदलते. चित्रपटाच्या नावात स्त्री नसली तरी कथेत ती कर्ता असू शकते, याचा हा पुरावा होय.

नजर आणि वेशभूषा :

एकच व्यक्तिरेखा दोन नजरांतून किती वेगळी दिसते, हे हार्ली क्विनवरून समजते. दोन्ही वेळा ही भूमिका मार्गो रॉबी यांनीच केली आहे. डेव्हिड एअर यांच्या 'सुइसाइड स्क्वॉड' (२०१६) मध्ये ती सर्वांदेखत कपडे बदलते आणि भोवतालचे पुरुष हातातील काम थांबवून पाहत राहतात. कॅमेराही त्यांच्यातच सामील होतो. कॅथी यान यांच्या 'बर्ड्स ऑफ प्रे' (२०२०) मध्ये तीच हार्ली प्रियकरापासून विभक्त होऊन स्वतःची ओळख शोधते. तेथे एका तुंबळ मारामारीत ती सहकारी स्त्रीला केस बांधण्यासाठी रबर देते. मोकळे केस लढताना डोळ्यांवर येतात, ही साधी अडचण अशा चित्रपटांत सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही. लढणारी स्त्री दिसते कशी, यापेक्षा तिला लढताना काय लागते, हा प्रश्न ज्या चित्रपटाला पडतो, तेथे नजर बदललेली असते.

व्यावसायिक कारणे :

ही स्थिती केवळ दिग्दर्शकांच्या मानसिकतेमुळे निर्माण झालेली नाही. तिच्यामागे हिशेब आहे आणि तो दुहेरी मापाने केलेला आहे. 'सुपरगर्ल' (१९८४), 'कॅटवुमन' (२००४) आणि 'इलेक्ट्रा' (२००५) हे चित्रपट अयशस्वी झाले. २०१४ मध्ये सोनी कंपनीच्या संगणकयंत्रणेवर झालेल्या हल्ल्यानंतर जो पत्रव्यवहार उघड झाला, त्यात मार्व्हलच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी स्त्रीकेंद्री चित्रपटांच्या अपयशाचे दाखले म्हणून याच तीन चित्रपटांची नावे दिली होती. 'बॅटमॅन अँड रॉबिन' (१९९७) या चित्रपटावरही सडकून टीका झाली होती, परंतु आठ वर्षांत 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) आला. 'हल्क' (२००३) ने निराशा केल्यावर पाच वर्षांतच त्याला नव्याने संधी मिळाली. पुरुष-नायकाचा चित्रपट पडला तर पटकथा वाईट ठरते, स्त्री-नायिकेचा पडला तर स्त्रीजात वाईट ठरते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसरे कारण खेळण्यांच्या बाजारपेठेचे आहे. 'आयर्न मॅन ३' (२०१३) चे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ मध्ये सांगितले की, मूळ पटकथेतील खलपात्र स्त्री होते, परंतु तिची खेळणी विकली जाणार नाहीत या विचाराने ते बदलावे लागले. 'ॲव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन' (२०१५) मध्ये विमानातून मोटरसायकलसह झेप घेणारी नताशा होती, पण त्या प्रसंगावर आधारित खेळण्यात मोटरसायकलवर पुरुष वीर बसविण्यात आला. पडद्यावर स्त्रीने केलेली कृती दुकानाच्या फळीवर पुरुषाच्या नावे जमा झाली.

'वंडर वुमन'ने जगभरात ८० कोटी डॉलरहून अधिक आणि 'कॅप्टन मार्व्हल'ने ११० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवून हा हिशेब खोटा ठरविला. तरीही २०२३ मध्ये 'द मार्व्हल्स' सुमारे २० कोटी डॉलरवर थांबताच जुनाच युक्तिवाद पुन्हा ऐकू आला. त्याच वर्षी 'द फ्लॅश' आणि 'शझाम! फ्युरी ऑफ द गॉड्स' हे पुरुष-नायकांचे चित्रपटही सपशेल पडले होते. त्यांच्यावरून पुरुष-नायक चालत नाहीत, असा निष्कर्ष कोणी काढला नाही.

मुंबईचा एक दाखला :

प्रेक्षक लढणारी नायिका स्वीकारत नाहीत, या समजाला उत्तर देताना आपल्याच भूमीतील एक उदाहरण नमूद करणे आवश्यक वाटते. १९३५ साली, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मापूर्वी तीन वर्षे, मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' हा चित्रपट प्रदर्शित केला. दिग्दर्शक होमी वाडिया यांच्या या चित्रपटात नादिया यांनी बुरखाधारी राजकन्येची भूमिका केली. अन्यायी प्रधानाविरुद्ध ही राजकन्या वेश पालटून, हाती चाबूक घेऊन लढते. गुप्त ओळख, मुखवटा, अन्यायाचा प्रतिकार ही सुपरहिरोची बहुतेक लक्षणे तिच्यात आहेत आणि संकटात उडी घेण्याचा निर्णयही तिचाच आहे. चित्रपट विलक्षण लोकप्रिय झाला व 'फियरलेस नादिया' हे नाव घरोघरी पोहोचले. अलीकडे २०२५ मध्ये मलयाळम भाषेतील 'लोका : चॅप्टर वन – चंद्रा' या स्त्री-सुपरहिरोपटानेही मोठे यश मिळविले. या दोन टोकांमधील नव्वद वर्षांकडे पाहता प्रेक्षकांची ना कधी नव्हती, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष :

१. सुपरहिरो चित्रपटांत स्त्रीचे शारीरिक सामर्थ्य उत्तरोत्तर वाढले आहे, परंतु कर्तृत्व त्या प्रमाणात वाढलेले नाही.
२. कर्म, निमित्त, सहायक व कर्ता हा सरळ चढता क्रम नाही. एकाच व्यक्तिरेखेत, किंबहुना एकाच चित्रपटात स्त्री यांपैकी अनेक स्थानांवर येऊ शकते.
३. कर्तृत्वाची ओळख लढाईच्या प्रसंगांपेक्षा निर्णयाच्या प्रसंगांतून होते. निर्णय कोण घेते, त्याने कथा बदलते का, आणि त्याच्या परिणामांना कथेत पुरेसे स्थान मिळते का, हे तीन प्रश्न त्यासाठी उपयुक्त ठरतात.
४. स्त्रीकेंद्री चित्रपटाच्या अपयशाचे माप आणि पुरुषकेंद्री चित्रपटाच्या अपयशाचे माप वेगवेगळे आहे.

समारोप :

सामर्थ्य देणे तुलनेने सोपे असते, कारण देणाऱ्याचे स्थान त्यामुळे ढळत नाही. आपल्या समाजातही मुलीला शिक्षण मिळते, दुचाकी मिळते, नोकरीची परवानगी मिळते. परंतु कोठे जायचे, कोणाशी विवाह करायचा, मिळविलेला पगार कसा खर्च करायचा, हे ठरविण्याची वेळ आली की अनेक घरांत वाक्याचा कर्ता बदलतो. पडद्यावरील उडणाऱ्या नायिकेकडे पाहताना हाच प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी विचारावा : ती किती उंच उडते, हे पाहिलेच, पण कोठे जायचे ते कोणी ठरविले? या प्रश्नाची सवय लागली, तर ती चित्रपटगृहाबाहेरही उपयोगी पडेल.